चांदणी बाहेर

देगलूर रस्त्यावरची डाळ मिल साडेदहाला थांबते.
मग खोलीत पंखा उरतो
आणि कर्नलमधली ही एक ओळ:
कंसांच्या पाच जोड्या, दोन चांदण्या,
आणि मधोमध कुठंतरी दडलेलं नाव.

वाचायची कशी? आधी नाव गाठा.
तिथून उजवीकडं, कंस अडवेपर्यंत.
मग डावीकडं. मग एक उंबरा ओलांडून बाहेर,
पुन्हा उजवीकडं, पुन्हा डावीकडं,
उदगीरच्या किल्ल्यामागच्या बोळांत
नवखा माणूस फिरतो तसं.

मोठ्यानं वाचली तर अशी होते:
हे एक काम आहे, जे एक आकडा घेतं,
आणि घेतं दुसऱ्या एका कामाचा पत्ता,
जे काम स्वतः एक आकडा घेतं आणि काहीच देत नाही,
आणि सगळं झाल्यावर हे पहिलं काम
तसल्याच एका कामाचा पत्ता परत देतं.

दम लागला ना.
मलाही. आणि मी हे पोटासाठी करते.

मन्मथप्पा बिरादारांनी एकतीस वर्षं टपाल वाटलं.
एकदा त्यांच्या हाती पाकीट आलं, त्यावर लिहिलेलं:
रामलिंग मास्तरांच्या धाकट्या सुनेच्या माहेराशेजारी,
लोहाराच्या भात्यामागं, जिथं आधी हौद होता,
त्या घरातल्या थोरल्या बाईंना.
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली
आणि कोपऱ्यात लिहिलं: हौदवाल्या.
पुढं सगळ्या टपाल खात्याला तेवढंच पुरलं.

मीही तेच केलं.
त्या जातीच्या कामाला एक नाव दिलं,
एकेचाळीस फायलींतून ती लांब शेपटं कापली,
आणि ओळ अशी झाली की
चहा पिता पिता वाचावी.
हात मोकळे सुटले माझे. जाता जाता
चांदणीसुद्धा नावाच्या पोटात ढकलली.
कशाला दिसायला हवी?

सव्वाला मशीन पडलं.
पडद्यावर आकड्यांची रांग आणि तळाशी शून्य.
एका ड्रायव्हरनं ती जागा भरलीच नव्हती,
आणि मी, नुसतं नाव बघून,
विचारता थेट हाक मारली होती.
तिथं काम नव्हतं. तिथं काहीच नव्हतं.

मन्मथप्पांची ती गोष्ट अर्धीच सांगितली मी.
हौदवाल्या बाई पुढं लेकीकडं बिदरला गेल्या.
हे तीन दिवस कडी वाजवत राहिले.
“नाव हातात व्हतं नं बाई,
मनून वाटलं माणूसबी हाय.”
एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा ओढला
आणि बोलणं पेन्शनवर गेलं.

तर मी चांदणी बाहेर काढली.
नाव ठेवलं फक्त कामाच्या जातीला:
काय घेतं, काय देतं, एवढंच त्यात.
आणि जिथं जिथं त्याचा नुसता पत्ता आहे
तिथं तिथं चांदणी उघड्यावर, नावाला चिकटून,
दारावरच्या कुलपासारखी दिसणारी.
पुढच्या वाचणाऱ्याला कळावं
की हे घर नाही, घराकडं दाखवलेलं बोट आहे.
आधी बघ. मग हाक मार.

ओळ थोडी लांबली परत.
असू दे.

तीन वाजता बिल्ड लावला आणि आडवी झाले.
झोप आली नाही. डोळ्यांपुढं कंस उघडत होते,
एकात एक, एकात एक,
आणि मी प्रत्येकाला शोधत होते त्याचा जोडीदार.
मिलचा पट्टा सहाला सुरू झाला.
पहिली तूर पडल्याचा आवाज आला
तेव्हा कुठं शेवटचा बंद झाला.